ऐकीव पुरावा

सकाळी साडेआठला मी शपथ घेते,
पावणेदहाला दारू प्यायलेलो असतो.
"प्यायलो होतो, साहेब, पण तिथे नव्हतो,"
असं खोसातून उचलते आणि इंग्रजीत ठेवते,
आवाज न चढवता, हात न हलवता.
कोफिम्वाबाच्या कोर्टात, पिंजऱ्याला लागून माझी खुर्ची.
तिचा एक पाय आखूड, खाली घडी घातलेलं
कुणाचं तरी न बजावलेलं समन्स.

अकरा वर्षं.
अकरा वर्षांत मी मेंढ्या चोरल्या, बायकोला मारलं,
मार खाल्ला, सासऱ्याची सही गिरवली,
आणि सव्वापाचच्या टॅक्सीत बसले की
बोलायला माझं असं काही शिल्लक नसायचं.

मग प्रिटोरियाहून पार्सलं यायला लागली.
पोस्टातला डायिमानी म्हणायचा, घे बाई, विटा आल्या तुझ्या.
विटाच त्या. संविधान, करार, अपकृत्य,
आणि रोमन लोकांचा कायदा, ज्यात कुणाचा तरी गुलाम
शेजाऱ्याच्या शेतातलं झाड तोडतो
आणि दोन हजार वर्षं ते झाड पडतच असतं.
वीज गेली की धाकटा मोबाइल धरून बसायचा.
लुखान्यिसो. नावाचाच अर्थ उजेड, करणार काय बिचारा.
आधी त्याचा हात झोपायचा, मग तो.

पुराव्याच्या कायद्यात दोनदा नापास झाले.
हसू नका.
रोज पुराव्याच्या पोटात उभी राहणारी बाई,
तिला एकेचाळीस, मग सत्तेचाळीस.
गृहपाठात प्रश्न होता: दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं
कोर्टापुढे केव्हा चालतं?
मी सोळा पानं लिहिली.
समासात लाल शेरा आला:
आपण अनुभव सांगत आहात. कलम सांगा.

गेल्या हिवाळ्यात एक पोरगा उभा होता,
वकील नको म्हणालेला, कानटोपी मुठीत चुरगाळत.
मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, साक्षीदाराला काही प्रश्न?
पोरगा म्हणाला, खोटं बोलतोय तो.
हा प्रश्न नाही, बाई म्हणाल्या.
हा प्रश्न नाही, मी म्हटलं.
आणि प्रश्न तर माझ्या तोंडात होता, कलमासकट,
जिभेखाली धरलेल्या गोटीसारखा:
चंद्र नव्हता, दिवा नव्हता,
मग घोंगडीचा रंग दिसला कसा?
गिळला.
दुभाष्याने पदरचं काही घालू नये,
हीच तर सकाळी साडेआठची शपथ.
चौदा महिने झाले त्याला.
"चौदा महिने," मी सांगितलं, त्याच्याच भाषेत,
आणि पोराने बाईंकडे नाही,
माझ्याकडे पाहिलं.

तिसऱ्यांदा परीक्षा कोमानीत, प्राथमिक शाळेत,
गुडघे दुमडून, सात वर्षांच्या मुलाच्या बाकावर.
फळ्यावर कालचे पाढे तसेच.
या वेळी अनुभव सांगितला नाही.
कलम सांगितलं, पोटकलम सांगितलं, अपवाद सांगितले,
चौपन्न गुण पडले.
घोंगडीबद्दल एक ओळही लिहिली नाही
आणि हे कुणाला सांगितलंही नाही.

पदवी नळकांड्यातून आली.
डायिमानीने ते कानाशी हलवून पाहिलं,
म्हणाला, आज वीट नाही, नुसता वारा दिसतोय.

आता गावातली एक वकीलबाई उमेदवारीला घ्यायला तयार आहे.
पगार निम्मा. ते नंतर बघू.
अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं, इतकंच.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद,
लुखान्यिसो झोपलाय, वीज आहे:

मी, खाली सही करणारी,
नोम्बुयिसेलो म्जाडू,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की

तीन रात्री झाल्या, इथवरच येतेय.
'मी' लिहिलं की मान आपोआप वळते
पिंजऱ्याच्या बाजूला,
कोण बोलतंय ते ऐकायला.